ट्रान्सफॉर्मर घेताना आधी जागा बघा

धसईच्या पंचक्रोशीतली बरीच पोरं मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जातात. मीही त्यातलाच. कारखान्यातल्या विजेची देखभाल हे माझं काम. हल्ली नवा शेड उभा करणारा किंवा लोड वाढवून घेणारा जो भेटतो, त्याला ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर हवा असतो. तेल नाही, गळती नाही, आगीचा धोका कमी, मशीनच्या जवळ बसवता येतो, केबल वाचते. हे सगळं खरं आहे. पण एवढ्याच भरवशावर घेतलेला एक ट्रान्सफॉर्मर ऐन जुलैत माझ्या डोळ्यांदेखत गेला. तो का गेला हे शोधताना जे हाती लागलं, ते खरेदीला निघालेल्या प्रत्येकाच्या कानावर घालावंसं वाटतं.

कारखाना प्लास्टिकच्या दाण्याचा. ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा, २२ केव्हीवरून ४३३ व्होल्ट, एपॉक्सी रेझिनमध्ये ओतीव कॉइलचा. खोली शेडला लागून आणि हवेच्या झडपा पश्चिमेला. माळशेजच्या बाजूला ढग अडकले की आमच्याकडे पाऊस दिवसचे दिवस हटत नाही, आणि वारा सुटला की तो सरळ न पडता आडवा येतो. त्या आठवड्यात वादळात लाइन गेली, तिला जोडून साप्ताहिक सुट्टी आली. ट्रान्सफॉर्मर दीड दिवस थंडगार पडून होता. सप्लाय आल्या आल्या पाळी सुरू करायची घाई झाली. ब्रेकर टाकला. नेहमीचा गुणगुणाट आला, त्यात चरचर मिसळली आणि पाठोपाठ धडाका होऊन ब्रेकर उडाला.

दार उघडून पाहिलं तर मधल्या कॉइलवर, टॅपच्या लिंकपासून खालच्या आधाराच्या ठोकळ्यापर्यंत काळ्या रेघा उतरलेल्या. झाडाच्या मुळांना फुटावेत तसे त्यांना फाटे फुटले होते. शेजारच्या कॉइलवरून बोट फिरवलं तर ओलसर, काळपट चिकटा बोटाला आला. तो होता काळ्या मास्टरबॅचची, म्हणजे प्लास्टिकला रंग देणाऱ्या दाण्याची, बारीक पूड आणि पावसाचा दमटपणा. मास्टरबॅच काळा होतो तो कार्बनमुळे, आणि कार्बन वीज वाहून नेतो.

रेझिन स्वतः पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे कॉइल आतून सुरक्षित असते. धोका वरच्या पृष्ठभागावर असतो. धूळ आणि ओल एकत्र आली की तिथे वीज झिरपायला वाट मिळते. झिरपणाऱ्या करंटने काही जागा सुकतात, सुकलेल्या फटीवरून ठिणगी उडी मारते, त्या ठिणगीने रेझिन जळून कोळसा होतं आणि वाट पक्की होते. ट्रान्सफॉर्मर चालू असतो तोवर कॉइल गरम असते, ओल बसत नाही. म्हणून खरा धोक्याचा क्षण बंदनंतर चार्ज करण्याचा. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कॉइल बंद टाकीत बुडालेली असते. ड्राय टाइपची कॉइल आपल्या खोलीची हवा खाते. हवा जशी, तसं तिचं आयुष्य.

पुरवठादाराने हात वर केले. ओलीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, म्हणाला. कागद काढून पाहिले तर तो नियमाने बरोबरच होता. खरेदीच्या ऑर्डरमध्ये केव्हीए, व्होल्टेज, ‘ड्राय टाइप’ आणि किंमत, एवढंच. खोलीत काय उडतं, पाऊस कुठून येतो, ट्रान्सफॉर्मर किती वेळा बंद पडतो, याबद्दल अक्षर नव्हतं. वर ओतीव कॉइल गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे होत नाही. अख्खी कॉइल कारखान्यातून नवी यावी लागते. ती येईपर्यंत आवारात भाड्याचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर आणून बसवला आणि निम्म्या मशिनी चालवल्या.

हे सगळं टाळता येण्यासारखं होतं, कारण मानकात त्याची सोय आधीच आहे. ड्राय टाइपसाठी आपल्याकडे आयएस ११७१ हे मानक आहे असं काही दलाल बिनधास्त लिहून देतात. बरोबर क्रमांक आयएस १११७१ होता, आता त्याची जागा आयएस २०२६ भाग ११ ने घेतली आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६००७६-११. कोटेशनवर क्रमांकच चुकला असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. आयईसीमध्ये तीन गोष्टींचे वर्ग दिलेत: परिसर, हवामान आणि आग. परिसराचा ई-० म्हणजे ओल अजिबात न बसणारी, स्वच्छ खोली. ई-१ म्हणजे क्वचित ओल आणि थोडीफार धूळ. ई-२ म्हणजे वारंवार ओल किंवा भरपूर धूळ. ई-२च्या चाचणीत ट्रान्सफॉर्मर ५० अंशांच्या आणि ९० टक्के दमट हवेत १४४ तास, म्हणजे सलग सहा दिवस ठेवतात आणि नंतर व्होल्टेज देऊन बघतात. मुरबाड, शहापूर, वासिंद, आसनगाव या पट्ट्यात कुणी ई-०चा ट्रान्सफॉर्मर स्वस्तात देत असेल तर तो घेऊ नका. आपल्याला किमान ई-२ लागतो. त्याहून कडक वर्गही २०१८च्या आवृत्तीत आले आहेत.

हवामानाचा सी-२ वर्ग उणे २५ अंशांपर्यंतच्या थंडीचा. मुरबाडला तो कशाला, असं आमच्या शेठनीही विचारलं होतं. थंडीसाठी नव्हे, तर त्या वर्गाच्या चाचणीत गार केलेल्या कॉइलला एकदम गरम करून रेझिनला तडा जातो का हे पाहतात, म्हणून तो मागायचा. ओतकाम चांगलं आहे याचा तो पुरावा असतो. आगीचा एफ-१ वर्ग म्हणजे आग लागली तरी ट्रान्सफॉर्मर ती फार वाढवत नाही. इथे एक गल्लत नेहमी होते. इन्सुलेशनचाही ‘एफ’ वर्ग असतो, पण तो १५५ अंश तापमान सोसण्याचा. एफ वर्गाचं इन्सुलेशन दाखवून एफ-१ आहे असं सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. दोन्ही वेगवेगळं लिहून घ्या.

आणि आधी हेही ठरवा की तुम्हाला ड्राय टाइप हवाच आहे का. राहत्या किंवा व्यापारी इमारतीच्या आत बसवायचा असेल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे तो ड्राय टाइपच लागतो, तिथे प्रश्न मिटला. पण कारखान्याच्या आवारात मोकळी जागा असेल तर तेलाचा ट्रान्सफॉर्मर उघड्यावर ऊन-पाऊस झेलत वर्षानुवर्षं उभा राहतो आणि स्वस्तही पडतो. आगीची धास्ती असेल तर एस्टरचं तेल मिळतं. ते ३०० अंशांच्या वर पेट घेतं, साधं खनिज तेल १७० अंशांच्या आसपास. फॅशन म्हणून ड्राय टाइप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायचाच ठरला तर खोलीचा हिशेब ट्रान्सफॉर्मरच्या आधी करा. पूर्ण लोडवर ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ९ किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. एक किलोवॉट उष्णता काढायला मिनिटाला साधारण साडेतीन घनमीटर हवा लागते, म्हणजे तीसेक घनमीटर हवा दर मिनिटाला खालून आत आणि वरून बाहेर जायला हवी. पत्र्याच्या बंद खोलीत हे होत नाही. आयईसी हवेचं कमाल तापमान ४० अंश आणि वर्षाची सरासरी २० अंश धरतं. आपल्याकडची सरासरी त्याहून बरीच वर, आणि मेमध्ये पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. म्हणून ऑर्डरमध्ये ‘परिसराचं कमाल तापमान ५० अंश’ असं लिहा. झडपा पावसाच्या तोंडाला ठेवू नका. आम्ही नंतर आमच्या झडपा पूर्वेला फिरवल्या आणि आत जाळी लावली.

केव्हीएच्या आकड्यातही एक खोच असते. काही कोटेशनांत पंखे लावून मिळणारा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पंख्याविना, नैसर्गिक हवेवर किती, हे वेगळं विचारा आणि तोच आकडा आपला धरा. पंखे उन्हाळ्याच्या गरजेपुरते. पंखा बंद पडला म्हणून पाळी बंद ठेवायची वेळ येऊ नये.

लोड कसला आहे हेही सांगा. आमच्याकडे एक्स्ट्रूडरच्या मोटरी ड्राइव्हवर चालतात. ड्राइव्ह सरळ साइन लहर घेत नाही, पाचव्या आणि सातव्या हार्मोनिकचा करंट ओढतो, त्याने कॉइल जास्त तापते. केव्हीए कमी भरला तरी तापमान चढतं आणि कारण सापडत नाही. ऑर्डर देण्याआधी एक दिवस मीटर लावून हार्मोनिक मोजून घ्या आणि तो कागद बनवणाऱ्याला द्या. के-फॅक्टरचा, म्हणजे हार्मोनिक सोसायला बनवलेला ट्रान्सफॉर्मर हवा की फक्त मोठा, हे त्यावर ठरतं.

मुरबाडला येण्याआधी मी सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत होतो. माझ्या वेळी तिथले ट्रान्सफॉर्मर बहुतेक तेलाचे, खाली चौथऱ्यावर. आता मोठ्या यंत्रांत ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर मनोऱ्यात किंवा थेट वर नेसेलमध्ये, म्हणजे पात्यांमागच्या पेटीत बसवतात, आणि तिथे वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी कैक पटींनी कडक होतात. जनरेटर ६९० व्होल्टवर वीज देतो, ती ३३ केव्हीपर्यंत चढवायची. वारा झुळकीगणिक बदलतो, म्हणून लोड चढतो-उतरतो, कॉइल तापते-निवते, आणि तांबं वा ॲल्युमिनिअम आणि रेझिन यांचं प्रसरण सारखं नसल्यामुळे रेझिनवर ताण येत राहतो. सी-२ची चाचणी इथे खरी कामाला येते. साताऱ्यात भरपूर वारा पावसाळ्यातच असतो, म्हणजे पूर्ण लोड आणि धुकं बरोबर. मधेच वारा पडला की यंत्र थांबतं आणि धुक्याची ओल कॉइलवर बसते. आत हीटर नसेल तर पुन्हा सुरू करताना आमच्या मुरबाडच्या खोलीत झालं तेच व्हायचं. शिवाय पठाराची उंची हजार मीटरच्या वर, आणि मानक हजार मीटरपर्यंतच धरलेलं. वरची विरळ हवा उष्णताही कमी नेते आणि इन्सुलेशनलाही कमी साथ देते. ऑर्डरमध्ये उंची लिहिली नाही तर बनवणारा हजार मीटरच धरणार.

पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६००७६-१६ हे वेगळं मानक आहे. साध्या औद्योगिक ट्रान्सफॉर्मरवर पवनचक्कीचं नाव चिकटवून देणाऱ्याला त्याबद्दल विचारा. वारंवार स्विचिंग होतं, व्हॅक्यूम ब्रेकरमुळे व्होल्टेजचे झटके बसतात, मनोरा हलतो म्हणून बोल्ट आणि आधार कंप सोसणारे लागतात. आणि वॉरंटीत क्रेनचा खर्च कुणाचा, हे आधीच लिहून घ्या. वरची कॉइल बदलायची म्हणजे मोठी क्रेन घाट चढवून आणायची. कॉइलच्या किमतीपेक्षा कधीकधी तोच खर्च अंगावर येतो.

आता कागदांबद्दल. विक्रेता टाइप टेस्टचे जाड रिपोर्ट पुढे टाकतो, बेंगळुरूच्या सीपीआरआयचे किंवा वडोदऱ्याच्या ईआरडीएचे. चांगल्या संस्था आहेत, शंका नाही. पण रिपोर्ट कुठल्या केव्हीएचा, कुठल्या व्होल्टेजचा, कुठल्या सालचा, ते वाचा. आमच्या बाबतीत रिपोर्ट ११ केव्हीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा निघाला, आणि परिसराची चाचणी त्यात नव्हतीच. त्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या सीरियल नंबरच्या रुटीन चाचण्या महत्त्वाच्या. त्यातली एक डोळ्यांत तेल घालून बघा: पार्शल डिस्चार्ज. ओतताना रेझिनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे आतल्या आत ठिणग्या उडत राहतात आणि काही वर्षांत कॉइल पोखरतात. मर्यादा १० पिकोकुलम. शक्य असेल तर माल निघण्याआधी स्वतः कारखान्यात जाऊन चाचणी बघा. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या कॉइलमधला बुडबुडा दुसऱ्या कशाने कळत नाही.

किंमत ताडताना नो-लोड लॉस विसरू नका. मशिनी बंद असल्या तरी ट्रान्सफॉर्मरचा गाभा वीज खातच राहतो. दोन कोटेशनांत एक किलोवॉटचा फरक असेल तर वर्षाला ८,७६० युनिटं झाली. युनिटला ८ रुपये धरा, ७०,०८० रुपये दर वर्षी. स्वस्त ट्रान्सफॉर्मर मग स्वस्त राहत नाही.

आमच्या नव्या ट्रान्सफॉर्मरला ई-२, सी-२, एफ-१ आहे, खोलीत हीटर आहे आणि पूड ओढायला मशीनजवळच धूळ-शोषक लावला. मेअखेरीस सप्लाय बंद करून, अर्थिंग करून, व्हॅक्यूम क्लीनरने आणि कोरड्या हवेने कॉइल साफ करतो, हवेच्या वाटा मोकळ्या करतो, जोड आवळतो, मेगर घेतो, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजतो, आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडतो. तापमानाचे अलार्म आणि ट्रिप खरंच चालतात का ते तपासतो. पावसाळ्यात आठ-दहा तासांवर बंद राहिला तर आधी कॉइल बघायची, हीटर लावायचा, मेगर घ्यायचा. आकडा बनवणाऱ्याने सांगितलेल्यापेक्षा खाली असेल तर ब्रेकरला हात लावायचा नाही. हे सगळं लिहिलेला कागद खोलीच्या दारावर लावला आहे, आणि पाळीची घाई झाली म्हणून तो डावलायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, शेठना सुद्धा.