इस्ट्रोजेन, वजन आणि पाळी जाण्याचं वय



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "खाणं तेवढंच आहे गं, पण पोट काही आत जात नाही!" आणि त्यावर, "चाळिशीनंतर असंच असतं, हॉर्मोन्स!" यातलं दुसरं वाक्य अर्धंच खरं आहे. मी डॉक्टर नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी सॉफ्टवेअरवाली. पण निधीच्या पुस्तिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मुद्दाम हाच विषय घेतला. निधीशी त्याचा काय संबंध, ते पुढे येईलच.

इस्ट्रोजेन हे एकच हॉर्मोन नव्हे. इस्ट्राडायॉल, इस्ट्रोन आणि इस्ट्रिऑल अशी ही तीन मुख्य भावंडं. पाळी चालू असते त्या वर्षांत मुख्य कारभार इस्ट्राडायॉलचा, आणि ते तयार होतं ओव्हरीमध्ये, म्हणजे बीजकोषात. ही सगळी यंत्रणा आपल्या घरातल्या थर्मोस्टॅटसारखी चालते. रक्तातलं इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचा निरोप पाठवते, ओव्हरी कामाला लागते, इस्ट्रोजेन वाढतं, निरोप थांबतो. चाळिशीत ओव्हरी थकू लागते. मग निरोपांचा आरडाओरडा वाढतो, पण उत्तर कधी येतं, कधी येत नाही. म्हणून या काळात इस्ट्रोजेन सरळ उतरत जात नाही, तर एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त, पुढच्या महिन्यात अगदी कमी, असं हेलकावे खातं. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, चिडचिड हे सगळं याच काळातलं. आणि म्हणूनच एका दिवशीच्या रक्ततपासणीवरून फारसं काही कळत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर धरतात.

आता वजन. अमेरिकेत 'स्वान' नावाच्या मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांच्या प्रकृतीची नोंद चाळिशीपासून पुढे वर्षानुवर्षं ठेवली गेली (त्यात भारतीय वंशाचा वेगळा गट नव्हता, हे आपलं नेहमीचंच!). त्यातून दिसलं ते असं, की मधल्या वयात वाढणारे किलो मुख्यतः वयाचे आहेत. पण पाळी जाण्याच्या सुमाराला चरबी जास्त वेगाने वाढते आणि स्नायू घटतात. शिवाय चरबी जागा बदलते. आधी मांड्या आणि नितंबांवर साठायची, ती आता पोटात, आतड्यांभोवती साठते. वजनकाट्यावर आकडा जवळपास तोच, पण परकराची नाडी पुरत नाही, ती यामुळे. पोटातली ही चरबी निरुपद्रवी नसते. तिच्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडतं, आणि शुगर व रक्तदाब वाढायला मदत होते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, याच वर्षांत चढतं.

आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू. आपण अंगाने बारीक दिसलो तरी पोटात चरबी साठवण्यात पटाईत! म्हणून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता! अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेह तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासून करावी असं सांगितलं. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत नसेल, तर आपण होऊन सांगा.

"मग चरबी असलेली बरी, तिच्यातून इस्ट्रोजेन मिळतं ना?" असं एका वहिनींनी विचारलं होतं. मिळतं, हे खरं आहे. पाळी गेल्यावर चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोन तयार करतं. पण त्याचा तोल सांभाळणारं प्रोजेस्टेरॉन आता नसतं, त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. लठ्ठपणात या वयानंतर स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात घ्यायची, दिवाळी झाल्यावर नाही.

हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे फार भीती आहे. ती आली जुलै २००२ मध्ये, 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या १६,६०८ स्त्रियांवरच्या चाचणीतला एक भाग मध्येच थांबवला तेव्हा. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त, तर खुब्याचं हाड मोडण्याच्या ५ कमी, असे ते आकडे होते. मात्र त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३! पुढच्या विश्लेषणातून दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली, तर ज्यांना वाफांचा खूप त्रास आहे अशा बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. वजन कमी करायचं औषध मात्र ते नव्हे. त्यासाठी वजनं उचलायची (नुसत्या चालण्याने स्नायू राहत नाहीत), ताटात भातापेक्षा डाळ, उसळ, दही, अंडं वाढवायचं, आणि एकादशी-दुप्पट-खाशी थांबवायची. असो.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत पाळी जाण्याचं सरासरी वय सुमारे ५१, भारतात ४६-४७. म्हणजे आपल्याकडच्या बाईची हाडं आणि हृदय इस्ट्रोजेनविना आधीच चार-पाच वर्षं जास्त काढतात. पण हे झालं आपोआप पाळी जाण्याचं. ऑपरेशनमध्ये दोन्ही ओव्हरी काढल्या तर इस्ट्रोजेन वर्षांत नव्हे, एका दिवसात कोसळतं. पंचेचाळिशीच्या आत असं झालं तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ओव्हरी ठेवून फक्त गर्भाशय काढलं, तरी पाळी जाण्याचे बदल काहीसे लवकर येऊ शकतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट नेमकी ही आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस चुकला तर खाडा. पाळीचा किंवा अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन दवाखान्यात गेलं की "पिशवी काढून टाका" हा सल्ला मिळायचा. राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयातल्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के. पस्तिशीतली बाई, डोक्यावर उसाची मोळी, आणि हाडांना इस्ट्रोजेनचा आधार नाही, असं त्यांतल्या कित्येकींचं आज चाललं आहे.

या पुस्तिकेतून जमणाऱ्या निधीचा एक भाग त्या भागातल्या तपासणी शिबिरांसाठी ठेवला आहे. रक्तदाब, शुगर, हिमोग्लोबिन, हाडांची तपासणी, आणि ज्यांच्या ओव्हरी लवकर गेल्या त्यांना हॉर्मोन द्यायचं का, हे ठरवायला स्त्रीरोगतज्ज्ञ, एवढाच साधा कार्यक्रम आहे. पहिली अडचण येते ती कागदांची. ओव्हरी ठेवल्या की काढल्या हेच अनेकींना कोणी सांगितलेलं नसतं.

हे फक्त बीडमध्येच होतं असं समजू नका. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईची, मावशीची, आत्याची पिशवी तरुणपणीच काढलेली असते. रविवारी घरी फोन कराल तेव्हा वय काय होतं आणि ओव्हरी ठेवल्या होत्या का, एवढं विचारून घ्या. जुना डिस्चार्जचा कागद ट्रंकेत सापडला तर त्याचा फोटो मागवून ठेवा, आणि हाडांची डेक्सा तपासणी कधी झाली होती तेही विचारा.