आयव्ही मरते आणि बोल लागतो आपल्याला

आयव्ही मेल्याची तक्रार घेऊन नर्सरीत जा, उत्तर ठरलेलं: ‘पाणी जास्त झालं असणार.’ गिऱ्हाईक ओशाळतं आणि दुसरं रोप घेऊन येतं. या उत्तराचा मला आता संताप येतो, कारण ते अर्धंच खरं आहे. ही वेल मूळची युरोप आणि पश्चिम आशियातली; तिची सख्खी बहीण आपल्याकडे उगवते ती थेट हिमालयात. साधारण १० ते २१ अंशांत ती खुशीत वाढते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, नागपुरात मेमध्ये पंचेचाळिशी गाठतो. अशा उकाड्यात वेलीची वाढ थांबते, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि नर्सरीतल्या कोकोपीटने भरलेली कुंडी आतून ओलीच राहते. पानं मलूल दिसली की माणूस आणखी पाणी घालतो, मग मुळं कुजतात. पाणी जास्त होतं खरं, पण आधी बाधलेला असतो उन्हाळा, आणि तो काही गिऱ्हाइकाने आणलेला नसतो. विक्री मात्र डिसेंबर-जानेवारीत जोरात, रोप टवटवीत दिसतं तेव्हा.

‘महाबळेश्वरात, बेंगळुरूत तर झकास वाढते,’ असं कुणी म्हणेल. वाढणारच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, बेंगळुरू सुमारे ९००. तिथल्या गार रात्री खतपाण्याने आणता येत नाहीत. एसीत ठेवण्याचा सल्लाही फसवा, कारण एसीची हवा कोरडी आणि लाल कोळी या किडीला नेमकी तीच मानवते. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले, तर पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावरची धूळ चालू लागली, तर तो कोळीच. राहिली आयव्ही घरातली हवा शुद्ध करते ही जाहिरात. तिचा आधार नासाचा १९८९चा प्रयोग, आणि तो झाला बंद पेट्यांत. २०१९मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा हिशेब निघाला. एका कुंडीने काय होणार?

तरीही हौस असेल, तर ऑक्टोबरच्या शेवटी घ्या, म्हणजे रुजायला थंडी मिळेल. कोकोपीट हलकेच झटकून माती, वाळू, शेणखताच्या मिश्रणात, मातीच्याच कुंडीत लावा. पूर्वेची बाल्कनी उत्तम. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू नळाखाली धुवा. कोळी तिथेच असतो. छाटताना हातमोजे घाला, चिकाने खाज सुटते. कुत्र्यामांजरांच्या तोंडीही पानं लागू देऊ नका. बाकी नेमाने लक्ष ठेवा वगैरे आहेच. नुसती हिरवी वेल हवी असेल, तर सिंगोनियम किंवा मनी प्लांट मुकाट्याने वाढतात. आयव्हीच हवी असेल, तर पैसे काढण्याआधी विक्रेत्याला इथेच गेला मे महिना काढलेलं एखादं रोप दाखवायला सांगा. दाखवलंच, तर तेच मागा.