निजावयाची खोली आणि तिच्यातील हवा

शेतावर दिवसभर राबणाऱ्यास झोपेची काळजी करण्याचे कारण नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड, दिंडोरी व चांदवड या तालुक्यांत, थंडीच्या दिवसांत वस्त्यांवर फिरताना निराळेच ऐकावयास मिळते. रात्री नाक चोंदते, दोन-तीनदा खोकल्याने जाग येते, सकाळी डोके जड असते व तोंडास कोरड पडलेली असते. विचारले असता थंडीस, वयास अथवा बाजारभावाच्या चिंतेस दोष दिला जातो. ही कारणे खोटी नव्हेत. तथापि ज्या खोलीत मनुष्य दार लावून सात-आठ तास काढतो, तिच्यातील हवेकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

शेतकऱ्याच्या घरातील निजावयाची खोली ही बहुधा केवळ निजावयाची नसते. भिंतीशी गहू-बाजरीची पोती लावलेली असतात. कोपऱ्यात द्राक्षावरील भुरीसाठी आणलेले गंधक व फवारणीची औषधे, खुंटीवर फवारणीच्या वेळचे कपडे, माळ्यावर रिकामे बारदान, असा संसार तेथे असतो. कांदा उत्पादकाच्या घरी त्यात आणखी भर पडते. उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात काढून चाळीत भरला जातो आणि पुढे दिवाळीच्या सुमारापर्यंत थोडा थोडा निवडून लासलगाव, पिंपळगाव येथील बाजारात जातो. साठवणीतील कांद्याच्या टरफलाखाली काळी बुरशी धरते. ओसरीवर निवडणीस बसले की टरफलाच्या चुऱ्याबरोबर या बुरशीची काळी भुकटी उडते आणि ती घरभर जाते.

धूळ दिसते तेव्हा ती त्रासदायक वाटते. दिसेनाशी झाली की गेली, असे आपण समजतो. वस्तुतः जाड धूळच लवकर खाली बसते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली येण्यास पाच-सहा मिनिटे घेतो, तर १ मायक्रॉनच्या कणास त्याच अंतरासाठी सुमारे आठ तास लागतात. म्हणजे सायंकाळी झाडलेल्या खोलीतील बारीक धूळ आपण निजल्यानंतरही नाकाशी तरंगतच असते. दिवेलागणीनंतर केर काढू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. त्यांचे कारण लक्ष्मीचे असेल. हवेच्या दृष्टीनेही ते पाळण्याजोगे आहे. केर सकाळी, दारे उघडून, पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने काढावा. सारवलेल्या जमिनीचे पोपडे सुटू लागले असतील तर सारवण लांबवू नये.

ही धूळ झोप कशी मोडते, तेही समजून घ्यावे. आडवे झाल्यावर नाकातील रक्तवाहिन्या अधिक भरतात व नाकाची वाट मुळातच थोडी अरुंद होते. त्यात धुळीने आतील त्वचा सुजली की मनुष्य तोंडाने श्वास घेऊ लागतो, घसा कोरडा पडतो, घोरणे वाढते आणि झोप वरवरची होते. दमेकऱ्यास तर पहाटेच्या वेळी हा त्रास अधिक जाणवतो. अमेरिकेतील सहा शहरांत झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जेथील हवेत सूक्ष्म कण अधिक तेथील लोकांत झोपेत श्वास अडण्याचा विकार अधिक आढळला. ही पाहणी शहरांतील होती, आणि असा संबंध आढळला म्हणजे कारण पूर्णपणे सिद्ध झाले असे होत नाही. परंतु दुर्लक्ष करण्याजोगीही ती बाब नव्हे.

गोधडीविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. जुन्या गोधड्या, उशा व गाद्यांमध्ये डोळ्यांस न दिसणारे, सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचे कीटकसदृश जीव राहतात. माणसाच्या अंगावरून झडणारा कोंडा हे त्यांचे खाद्य. ते चावत नाहीत; त्यांची विष्ठा धुळीत मिसळून शिंका, दमा व अंगावर खाज आणते. घरातील धुळीच्या बाधेमागे हे जीव आहेत, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. त्यांना ओलावा मानवतो, म्हणून पावसाळ्यात व त्यानंतर ते फोफावतात. अंथरूण-पांघरूण कडक उन्हात, उलटसुलट करून, दुपारभर वाळत घालावे व अंगणातच झटकावे. धुता येण्यासारखे असेल ते कढत पाण्यात धुवावे.

आता धुराकडे वळू. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला. तरीही आंघोळीच्या पाण्याचा बंब व भाकरीची चूल काड्या-लाकडांवरच पेटते, आणि ती ज्या पडवीत असते तिचे दार बहुधा निजावयाच्या खोलीत उघडते. मच्छर पळविण्यासाठी कॉइल लावणे, हा आणखी एक प्रकार. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून सुमारे १०० सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी निदर्शनास आणले होते. मुलांच्या उशाशी कॉइल ठेवून आपण त्यांचे रक्षण केले, असे मानणाऱ्या मातापित्यांनी मच्छरदाणीचा खर्च एकवार मांडून पाहावा.

याहून गंभीर गोष्ट शेगडीची. निफाड तालुक्यात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदी वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. अशा रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून मध्यरात्री घरी आलेला मनुष्य निखाऱ्यांचे घमेले खोलीत आणून दार लावून घेतो. निखाऱ्यास धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. परंतु अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून नेला जातो, त्यास हा वायू प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि गुंगी ही गाढ झोपच वाटत असल्याने निजलेला मनुष्य उठून दार उघडील, याची शाश्वती नसते. घमेले खोलीत नेऊच नये. एकाच खोलीत निजलेल्या दोघा-तिघांचे डोके एकाच सकाळी दुखत असेल, तर सर्दी समजून स्वस्थ बसू नये; सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे व दवाखान्यात जाऊन शेगडीची गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी.

धान्यास कीड लागू नये म्हणून पोत्यांत ठेवावयाच्या विषारी गोळ्यांबाबतही असेच सांगावे लागते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलाव्याने विरघळून प्राणघातक वायू सोडते. राहत्या घरात तिचा वापर सर्वथा वर्ज्य आहे. ज्या घरी अशी गोळी आढळेल तेथे त्या रात्री कोणासही निजू देऊ नये. धान्य दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे. गंधक व फवारणीची औषधे यांना घराबाहेर, कुलपात, जागा करावी. फवारणीचे कपडे निजावयाच्या खोलीत टांगू नयेत.

एवढे केल्यावरही खोलीस हवा हवीच. डेन्मार्कमधील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या निजावयाच्या खोल्यांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. रात्री हवा खेळती ठेवली तेव्हा त्यांची झोप सुधारली व दुसऱ्या दिवशी बुद्धीचे कामही अधिक चांगले झाले. आपल्या जुन्या धाब्याच्या घरास झरोका असे. नव्या स्लॅबच्या घरात खिडकी मोठी असते, पण थंडीत ती लावून वर पडदा ओढला जातो. वाऱ्याचा झोत अंगावर न येता हवा निघून जावी, यासाठी छताजवळ समोरासमोर दोन जाळ्या ठेवाव्यात. घर बांधून झाले असल्यास खिडकीची वरची झडप चार बोटे उघडी ठेवूनही काम भागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरी गेल्यावर प्रथम एक प्रश्न विचारावा : पाहुणे म्हणून परगावी गेला असता, किंवा उन्हाळ्यात अंगणात निजता, तेव्हा झोप बरी लागते काय? उत्तर होकारार्थी आले तर खोलीत जाऊन उशाशी काय काय ठेवले आहे ते घरच्या माणसांसमवेत पाहावे. झोपेत श्वास थांबून गुदमरल्यासारखे होत असेल, अथवा दिवसा ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या डुलकी येत असेल, तर झाडलोटीवर विसंबू नये. अशा माणसास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पोती व औषधे हलविण्याचे काम दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत उरकून घ्यावे, कारण त्यानंतर थंडी पडते आणि दारे बंद होतात.