दुसरी पकड

चि. अनंत यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. लेथ टेबलावर नीट बसला आणि त्यावर पितळेचा पहिला दांडा कातून झाला, हे वाचून फार संतोष वाटला. थ्री-जॉ चकात धरलेला जॉब डायलवर आठ शतांश मिलिमीटर आऊट दिसतो, तेव्हा कोलेटांचा अख्खा संच मागवावा काय, अशी तू पृच्छा केली आहेस. खर्चाची बाब असल्याने उत्तर तपशीलवार देतो.

प्रथम हे ध्यानात घे, की एकदा पकडल्यावर न सोडता ज्या जॉबचे सर्व व्यास, तोंड आणि भोक एकाच बैठकीत पुरे होते, त्यास चकाचा आऊट मुळीच बाधत नाही. कारण कातलेला प्रत्येक पृष्ठभाग स्पिंडलच्या अक्षाभोवतीच निर्माण होतो, मग कच्चा दांडा कितीही डुलत असो. दोष शिरतो तो जॉब सोडून, उलटा करून, पुन्हा धरताना. या दुसऱ्या पकडीसाठीच कोलेट आहे. त्याखेरीज घोटलेल्या पृष्ठावर जबड्यांचे व्रण पडू नयेत, पातळ नळी तीन ठिकाणी दबून त्रिकोणी होऊ नये, किंवा बारीक जॉबवर कातताना हत्यार जबड्यांना भिडू नये, अशा प्रसंगी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. तुझ्या हातून अशी कामे होणार असतील तर कोलेट जरूर घे. नुसत्या डायलच्या आकड्याने अस्वस्थ होऊन घेऊ नकोस.

निवडीचे म्हणशील, तर मोठ्या कारखान्यांत रूढ असलेले 5C कोलेट तुझ्या कामाचे नाही. त्याचा बाहेरचा व्यासच सव्वा इंच, आणि तुझ्या स्पिंडलचे भोक 20 मिलिमीटर. शिवाय ते नेमक्या मापालाच धरते, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक त्यास सोसत नाही. मोर्स टेपरमध्ये थेट बसणारी कोलेटे स्वस्त पडतात, पण मागून ड्रॉबारने ओढावी लागत असल्याने लांब दांडा स्पिंडलमधून आरपार घालता येत नाही, आणि लहान लेथवर ही अडचण रोजची आहे. तेव्हा माझी मसलत अशी, की बॅकप्लेटवर बसणारा ER32 चक घ्यावा. हा प्रकार स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीचा. याच्या कोलेटास दोन्ही टोकांकडून आलटून पालटून चिरा असल्यामुळे ते जवळजवळ समांतर मिटते आणि एक मिलिमीटरपर्यंत आकसू शकते, म्हणून 3 ते 20 मिलिमीटरच्या 18 नगांत 2 पासून 20 पर्यंतचे प्रत्येक माप येते. तरीही सर्व 18 आजच घेण्याची निकड नाही. तू ज्या मापांचे ब्राइट बार वापरतोस तेवढीच चांगल्या प्रतीची पाच-सहा घे.

एक मिलिमीटरची ही मुभा फक्त खालच्या बाजूची आहे. 8 च्या कोलेटात 7.5 चा दांडा चालेल, 8.2 चा ठोकून बसवणे सर्वथा वर्ज्य. जॉबने कोलेटाची दोन-तृतीयांश तरी लांबी भरली पाहिजे. आखूड जॉब असेल तर मागच्या बाजूस त्याच व्यासाचा तुकडा घाल, नाहीतर रिकामे टोक अधिक मिटून पकड तिरपी होते. काळी साल असलेला ब्लॅक बार किंवा ओतीव तुकडा कोलेटात कदापि धरू नकोस. ते काम फोर-जॉ चकाचे.

आता एक गोष्ट, जी नवशिक्यांस कोणी सांगत नाही. ER कोलेट आधी चकात घालून वरून नट फिरवायचा नसतो. नटाच्या आत एक विकेंद्री कडा असते. कोलेट तिरपे धरून त्याची खाच त्या कडेत अडकवायची आणि मग सरळ करत दाबायचे, म्हणजे टक् असा आवाज होऊन ते नटात बसते. मगच दोन्ही मिळून चकावर चढवायचे. असे न केले तर नट सोडताना कोलेट टेपरमध्येच घट्ट राहते, आणि लोक ते मागून ठोकून काढतात, त्यात टेपरची नासाडी होते. रिकाम्या कोलेटावर नट आवळण्याची चूकही तितकीच घातक. प्रत्येक वेळी चकाचा टेपर बोटाने पुसून पाहा. पितळेचा एक बारीक कीस तेथे राहिला तर महागातले कोलेटही आऊट फिरते.

चक बसवताना बॅकप्लेटची कडा एकदोन दशांश मिलिमीटर ढिली कात. मग डायलचे टोक चकाच्या आतल्या टेपरवर टेकवून, बोल्ट हलके आवळलेले असताना, हलक्या हातोड्याने चक सरकवत एका शतांशाच्या आत आण, आणि नंतर बोल्ट पक्के कर. एवढे होऊनही काटा प्रत्येक फेऱ्यात निरनिराळी जागा दाखवू लागला, तर दोष स्पिंडलच्या बेअरिंगचा समजावा. त्यावर कोलेट हा इलाज नाही, आधी बेअरिंगचा बंदोबस्त कर.

मागणी नोंदवण्यापूर्वी बॅकप्लेट बसते त्या फ्लँजचा व्यास आणि बोल्टांमधील अंतर मोजून मला कळव. ताईस नमस्कार सांग.

तुझा मामा