पासपोर्ट फोटो आणि घरातला उजेड

आईच्या एका अर्जाला जोडलेला फोटो दोनदा परत आला. शेरा एकच : ‘चेहरा स्पष्ट नाही.’ आई म्हणाली, “मी काळीच आहे, त्याला फोटो तरी काय करील?” हे बोलणे मला लागले, आणि त्यातूनच हा अभ्यास घडला.

(खुद्द पासपोर्टासाठी हल्ली फोटो केंद्रावरच काढतात, ४ वर्षांखालील मुलांचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा, ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो न्यावा लागतो. नाव मात्र सगळ्याच अर्जांच्या फोटोंना चिकटले आहे.)

दोष आईच्या रंगाचा नव्हताच. कॅमेरा, मग तो मोबाइलमधला का असेना, समोरच्या दृश्याचा उजेड सरासरीने मध्यम करड्या छटेजवळ आणू पाहतो. मागे पांढरे कापड असले की त्याला सगळेच फार उजळ वाटते. तो उजेड कमी करतो आणि त्यात सावळा चेहरा काळवंडतो. म्हणून पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे मोजमाप चेहऱ्याचे होते.

सावलीचा प्रश्न वेगळा. आमच्या खोलीत दिवा एकच, तोही डोक्यावर. त्याने डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. फ्लॅश लावावा, तर कानामागे भिंतीवर कडक सावली उमटते. उजेडाचा उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. तेव्हा दिव्यापेक्षा खिडकी बरी, फक्त थेट ऊन नको. दिवाही बंद करावा, नाहीतर एक गाल पिवळा आणि एक निळसर येतो.

आईला खिडकीकडे तोंड करून २ फुटांवर बसविले. मागे ४ फुटांवर बाबांचे धुतलेले धोतर ताणून बांधले. सावली गेली, पण धोतर करडे दिसू लागले! खिडकीपासून चेहरा २ फूट, धोतर ६ फूट. म्हणजे तिप्पट अंतर, तिथवर उजेड पोचणार कसा? मग स्टूल आणि धोतर दोन्ही ३ फूट मागे सरकविले. आता अंतरे ५ आणि ९ झाली, दुपटीच्याही आत, आणि धोतर पांढरे दिसले. हनुवटीखालची उरलेली सावली मांडीवर पांढरी चादर अंथरल्यावर उजळली. मी खिडकीला पाठ करून, पण उजेड अडणार नाही अशी जरा बाजूला उभी राहिले. अगदी जवळून काढला तर नाक मोठे येते, हेही तेव्हाच कळले.

तिसऱ्यांदा अर्ज परत आला नाही. उरलेल्या प्रतींतली एक आईने आपणहून मामाकडे पाठविली.