झिरकॉनची साक्ष

ग्रॅनाइटचा दगड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील गारगोटी, फेल्डस्पार आणि चकाकणारे अभ्रक नुसत्या डोळ्यांनाही ओळखू येते. परंतु हा दगड झाला कसा, ह्याविषयी विद्वानांत फार दिवस वाद चालला होता. जर्मनीतील वेर्नर शिकवीत असे की, ग्रॅनाइट आदिसागराच्या पाण्यातून साचला. स्कॉटलंडमधील जेम्स हटन ह्यास ते पटेना. १७८५ साली ग्लेन टिल्ट नावाच्या खोऱ्यात त्याला ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकांत घुसलेल्या आढळल्या. तप्त, पातळ रसावाचून असे कसे घडावे? हटनचे म्हणणे पुढे मान्य झाले. पण तो शिलारस आला कोठून, हा प्रश्न उरलाच.

ह्या प्रश्नाला उत्तर देणारा एक चिमुकला साक्षीदार ग्रॅनाइटच्याच पोटात दडलेला असतो. त्याचे नाव झिरकॉन. हा कण बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. त्यासाठी दगड कुटून त्याचा चुरा करतात आणि तो पाण्यात घोळवतात. झिरकॉन गारगोटीच्या सुमारे पावणेदोनपट जड असल्यामुळे तळाशी बसतो. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, तर काय! चौकोनी खांब आणि दोन्ही टोकांना निमुळते कळस, अशी रेखीव आकृती दिसते.

शिलारसात वाढलेल्या कणाच्या कडा अशा धारदार असतात. नदीने वाळूबरोबर लोटत नेलेला कण मात्र झिजून वाटोळा होतो. आता एखाद्या धारदार स्फटिकाच्या आतच वाटोळा कण सापडला तर? वाळूचिखलाचा जुना थर भूगर्भात खोल जाऊन वितळला, झिरकॉन मात्र पुरता विरघळला नाही आणि त्याच्यावर नवे पुट चढले, असा तर्क करता येतो. अर्थात, तप्त रसात अंशतः विरघळूनही कडा बोथट होतात. तेव्हा घाई करून चालत नाही.

१९८० साली प्यूपँ ह्या फ्रेंच भूवैज्ञानिकाने झिरकॉनच्या आकारांचा एक तक्ताच प्रसिद्ध केला. खांबाच्या बाजू तापमानाप्रमाणे आणि कळसाच्या बाजू रसातील द्रव्यांप्रमाणे बदलतात, असे त्याचे मत होते. तक्ता मोठा मोहक खरा. परंतु स्फटिक किती वेगाने वाढला ह्यावरही त्याचा आकार अवलंबून असतो, असे पुढील संशोधकांना दिसून आले. म्हणून आज आकाराच्या जोडीला कणातील युरेनियम आणि त्यापासून झालेले शिसे मोजून त्याचे वयही काढतात. आतील गाभा बाहेरच्या पुटापेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुना निघाला, की तो कण त्या शिलारसात जन्मलेला नसून एखाद्या जुन्या खडकातून आला, हे निश्चित होते.