चिनी मातीचें एक जुनें तबक

चिनी मातीचें जुनें तबक पाहण्याचा योग आला, तर प्रथम त्यावरील चित्र पाहूं नये, तें उलटें करून त्याचें बूड पाहावें, असें ह्या विषयांतील जाणते लोक सांगतात. चित्र मनास भुरळ घालतें. बूड खरें बोलतें. बुडाचें कडें कसें कांतलें आहे, झिलई कोठें येऊन थांबली आहे, झिलईविना उघडी राहिलेली माती भट्टींत कोणत्या रंगास आली आहे, ह्या गोष्टी ज्यास वाचतां येतात त्यास तबकाचें वय पुष्कळ अंशीं कळतें. आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस अशाच एका तबकाची ओळख करून देणार आहों. जुन्या वस्तूंच्या अभ्यासकांत तें ‘माहीन बानूचें द्राक्षांचें तबक’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. माती चीनची, नांव एका इराणी राजकन्येचें, आणि त्यावर कोरलेलीं अक्षरें दिल्लीच्या एका बादशहाचीं, असें त्याचें चरित्र आहे.

हें तबक मिंग घराण्यांतील योंगले बादशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १४०३ ते १४२४ ह्या काळांत घडलें. पांढऱ्या शुभ्र पृष्ठावर निळ्या रंगानें द्राक्षांचे घड, पानें व वळणें घेत जाणारे तणावे काढले आहेत. द्राक्षवेल मूळची चीनची नव्हे; हान राजांच्या वेळीं ती मध्य आशियांतून तिकडे गेली. नाशिककडील मुलांनीं ह्या तबकाचें चित्र पाहिलें, तर चित्रकारानें मळ्यांत उभें राहून वेल न्याहाळला असावा, असें त्यांस खास वाटेल.

‘चिनी माती’ हा शब्द आपल्या घरांत रोजचा आहे. लोणच्याची बरणी चिनी मातीची, कपबशीहि चिनी मातीची. परंतु शब्द एक असला तरी वस्तु एक नव्हे. बरणी जाड व अपारदर्शक असते. खऱ्या चिनी पात्राची पातळ कड उजेडासमोर धरली तर तींतून मंद प्रकाश दिसतो, आणि नखानें टिचकी मारली तर धातूसारखा नाद उमटतो. हा गुण दोन पदार्थांच्या मिश्रणानें येतो. एक केओलिन नांवाची पांढरी माती; जिआंगशी प्रांतांतील जिंगदेझेन शहराजवळ गाओलिंग, म्हणजे ‘उंच टेकडी’, म्हणून स्थळ आहे, त्यावरून तिला हें नांव पडलें. दुसरा एका जातीचा दगड. तो कुटून, पाण्यांत कालवून, गाळून, त्याच्या लहान पांढऱ्या विटा करीत. केओलिन प्रखर आंचेंतहि आपला आकार सोडीत नाहीं. दगडाचा चुरा वितळून कांचेसारखा होतो आणि सर्व कण एकत्र बांधतो. चिनी कुंभार म्हणत, एक हाडें होत व दुसरें मांस. परदेशी व्यापाऱ्यांनीं एकदां नुसत्या विटा आपल्या देशीं नेल्या, पण त्यांस भांडें साधलें नाहीं. तेव्हां एक चिनी व्यापारी हंसून म्हणाला कीं, ह्या लोकांस हाडांवांचून नुसत्या मांसाचें शरीर उभें करावयाचें होतें! भट्टीची आंच सुमारें १३०० अंश सेंटिग्रेड लागे. तांबें १०८५ अंशांवर वितळतें, ह्यावरून विज्ञानाच्या वर्गांतील मुलांनीं त्या आंचेची कल्पना करावी.

आतां रंगाकडे वळूं. हा निळा रंग कोबाल्ट धातूच्या खनिजापासून होतो. योंगलेच्या काळीं उत्तम कोबाल्ट पश्चिमेकडून, इराणच्या बाजूनें येई. तो बारीक वाटून, पाण्यांत कालवून, न भाजलेल्या सुक्या भांड्यावर कुंचल्यानें लावीत. मग वर झिलई चढवीत, आणि सर्व एकदांच भाजीत. ह्यांत चित्रकाराची खरी कसोटी आहे. कच्ची माती टिपकागदासारखी पाणी शोषून घेते, त्यामुळें काढलेली रेघ पुसतां येत नाहीं. शिवाय लावतांना रंग निळा दिसतच नाहीं; तो काळपट करडा दिसतो. म्हणजे पान कोठें गडद होईल व घड कोठें फिका राहील, हें सर्व त्यानें मनांतच पाहावयाचें. आमच्या चित्रकलेच्या वर्गांत रबरासाठीं जी ओरड चालते ती येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. ह्या पश्चिमेकडील कोबाल्टांत लोहाचा अंश अधिक असल्यामुळें जेथें रंग दाट बसे तेथें भाजल्यावर काळसर ठिपके उमटत. पुढें हे ठिपके इतके वाखाणले गेले कीं, अठराव्या शतकांतील कारागीर जुन्या भांड्यांची नक्कल करतांना ते कुंचल्याच्या टोंकानें मुद्दाम काढूं लागले.

परंतु ‘चित्रकार’ असें आम्ही एकवचनीं लिहितों तें कितपत बरोबर? जिंगदेझेन येथील कामाची फार तपशीलवार हकीकत फ्रान्स्वा झाविए दांत्रकोल (१६६४–१७४१) ह्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानें लिहून ठेवली आहे. त्याचीं पत्रें १७१२ व १७२२ सालचीं, म्हणजे आपल्या तबकानंतर सुमारें तीनशें वर्षांचीं आहेत. तो लिहितो कीं, एक भांडें सत्तर माणसांच्या हातांखालून जातें असें म्हणतात. एकजण केवळ कांठाची गोल रेघ ओढतो. दुसरा फुलांची आकृति काढतो, तिसरा तींत रंग भरतो. डोंगर व पाणी काढणारे निराळे, पक्षी व पशु काढणारे निराळे. आंधळ्यापांगळ्यांसहि तेथें रंग वाटण्याचें काम मिळे. रात्रीं भट्ट्यांच्या ज्वाळांनीं सारें शहर पेटल्यासारखें दिसे. ही माहिती त्यानें स्वतः पाहून, आणि त्या धंद्यांत असलेल्या ख्रिस्ती मजुरांस विचारून मिळविली. पत्रें युरोपांत छापलीं गेलीं, आणि ज्या विद्येवर एका शहराचें पोट चाले ती परक्यांच्या हातीं गेली. जर्मनींत ब्योटगर नांवाच्या गृहस्थानें सॅक्सनीच्या राजाच्या कैदेंत राहून १७०८ च्या सुमारास ती युक्ति स्वतंत्रपणें शोधून काढली होती, हें खरें. पण तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. मजुरांनीं आपल्या धर्मगुरूवर भरंवसा ठेवून जें सांगितलें तें जगास वांटून टाकण्याचा अधिकार त्यास होता काय? आम्ही स्वतः ह्या प्रश्नास ‘होय’ असें उत्तर देऊं शकत नाहीं. तथापि रंग वाटणारा तो आंधळा आम्हांस भेटला तो ह्याच पत्रांत, हेंहि विसरतां येत नाहीं.

राजाज्ञेचें ओझें त्या लोकांवर किती असे, ह्याविषयीं जिंगदेझेनमध्यें एक कथा सांगतात. वानली बादशहाच्या काळीं (१५७३–१६२०) दरबारानें ड्रॅगनचीं चित्रें असलेल्या प्रचंड रांजणांची मागणी केली. रांजण पुनःपुन्हा भट्टींत बिघडत, आणि कामगारांचा छळ होई. तेव्हां तोंग बिन नांवाच्या कुंभारानें जळत्या भट्टींत उडी घेतली, आणि रांजण साबूत निघाले. पुढें भट्टीवाले त्यास अग्नीचा देव मानूं लागले. रांजण त्यामुळेंच निघाले असें आम्ही मानीत नाहीं. पण ज्या लोकांनीं ही कथा रचली त्यांस जीव देण्यावांचून दुसरा उपाय सुचला नाहीं, एवढें तींतून उघड दिसतें.

आपलें तबक घडलें त्याच सुमारास झेंग हे नांवाच्या चिनी सरदाराचें आरमार पश्चिमेकडे येत होतें. १४०५ ते १४३३ ह्या काळांत त्यानें सात सफरी केल्या, आणि त्यांत मलबारांतील कालिकत व इराणी आखातावरील होर्मुझ हीं बंदरें गांठलीं. चिनी भांडीं अशाच मार्गांनीं इकडे येत. त्यांत मोठ्या तबकांस पश्चिमेकडे विशेष मागणी असे, ह्याचें कारण जेवणाची रीत. चिनी माणूस लहान वाडग्यांतून जेवतो. इराण व अरबस्तान येथें एका मोठ्या तबकाभोंवतीं अनेकजण बसत. म्हणजे परक्याच्या पंगतीचें ताट जिंगदेझेनच्या कुंभारास ठाऊक होतें. दिल्लीसहि अशीं भांडीं फार पूर्वींपासून येत. तुघलकांच्या राजवाड्याच्या आवारांत १९६१ सालीं चौदाव्या शतकांतील चिनी भांड्यांचे तुकडे सांपडले आहेत.

माहीन बानू (१५१९–१५६२) ही इराणचा शहा इस्माईल ह्याची कन्या. तिनें हें तबक मशहद येथील इमाम रेझाच्या दर्ग्यास वक्फ म्हणून अर्पण केलें, आणि तसा लेख त्यावर कोरविला. १५८९ सालीं मशहद उझबेकांनीं लुटलें. त्यानंतर तबकावर दुसरा लेख आढळतो तो शहाजहानच्या नांवाचा. साल हिजरी १०५३, म्हणजे इ. स. १६४३-४४. त्या वेळीं शिवाजीमहाराज तेरा-चौदा वर्षांचे होते. असें कोरणें सोपें नव्हे. ही झिलई इतकी कठीण असते कीं पोलादी सुरीचा ओरखडाहि तीवर सहसा उठत नाहीं.

देणारीचें नांव आहे, घेणाऱ्याचें नांव आहे. करणाऱ्याचें कोठेंच नाहीं. पुढील काळांतील पुष्कळ चिनी भांड्यांच्या बुडाशीं सहा अक्षरें लिहिलेलीं असतात. तीं पाहून कित्येकांस ती कुंभाराची सही वाटते. वस्तुतः तेंहि राजघराण्याचें व बादशहाच्या कारकीर्दीचेंच नांव. त्यावर विसंबूनहि चालत नाहीं, कारण कांगशी बादशहाच्या काळच्या (१६६२–१७२२) कारागिरांनीं आपल्या भांड्यांवर दोनशें वर्षें जुन्या कारकीर्दींचीं नांवें लिहिलीं आहेत. कधीं पूर्वजांच्या आदरानें, कधीं गिऱ्हाइकास फसविण्यासाठीं. योंगलेच्या मोठ्या तबकांवर बहुधा हीं अक्षरें नसतातच. बूड झिलईविना उघडें असतें, आणि कित्येकदां तें भट्टींत तांबूस नारिंगी झालेलें दिसतें.

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेलीं चिनी भांडीं आहेत. हैदराबादेस सालारजंग संग्रहालयांतहि आहेत. सुटींत तिकडे जाणें झाल्यास मुलांनीं तें दालन चुकवूं नये. कांचेमागील भांडें उलटें करून पाहतां येत नाहीं, तेव्हां दृष्टि कांठाकडे न्यावी. निळी गोल रेघ जेथें सुरू झाली तेथेंच ती फिरून येऊन मिळते, आणि त्या जोडावर रंग पुष्कळदां किंचित् दाट असतो. ज्याचें काम केवळ ती रेघ ओढण्याचें होतें त्यानें कुंचला तेथें उचलला.